स्लाइड घरी स्कॅन करताना: आधी चौकट, मग चित्र

बाबांच्या एका स्लाइडवर, म्हणजे चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्मच्या तुकड्यावर, कासच्या पठारावरचा तेरडा आहे, नजर पोचेल तिथवर गुलाबी-जांभळा पसरलेला. पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना छापलाय, नोव्हेंबर १९८३. त्याच्याखाली बाबांच्या बारीक पेन्सिलीत लिहिलंय, 'कास, २५ सप्टें., तळ्याच्या वरची बाजू'. छापलेला महिना रोल धुतल्याचा आहे आणि पेन्सिलीतली तारीख फोटो काढल्याची. मधले दिवस रोल कॅमेऱ्यातच होता, कारण छत्तीस फोटो पुरे झाल्याशिवाय तो धुवायला जायचा नाही. पेन्सिलीची ती ओळ गेली असती, तर त्या वर्षी कासला तेरडा नोव्हेंबरात फुलला असा खोटा पुरावा आमच्या घरात तयार झाला असता.

बाबा साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांच्या मागे स्लाइडच्या ३१ पेट्या राहिल्या. प्रत्येकीत एक रोल, म्हणजे ३६ स्लाइड, एकूण १,११६. फुलं, गवतं, सहलीतले विद्यार्थी, आणि अधूनमधून आम्ही. दोन पावसाळे बसून मी त्या सगळ्या स्कॅन केल्या. पहिल्या दोन पेट्या उत्साहाच्या भरात पेटीतून काढून थेट स्कॅनरमध्ये घातल्या. परत ठेवताना क्रम बिघडला, आणि कुठली स्लाइड कुठल्या सहलीतली हे आजही पुरतं जुळलेलं नाही. बाकीच्या २९ पेट्यांच्या वेळी जी पद्धत बसत गेली, ती इथे लिहिते आहे. तुमच्याकडे फुलांऐवजी हिमालयातले ट्रेक असतील, लग्नं असतील, परदेशातली नोकरीची वर्षं असतील. पद्धत तीच.

स्कॅनरला हात लावण्याआधी

पेटी उघडली की स्लाइड ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने बाहेर काढा. तो क्रमच माहिती असतो. अकरावी स्लाइड ओळखू आली की दहावी आणि बारावी कुठली असणार याचा अंदाज बांधता येतो. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने पेटीचा आणि स्लाइडचा क्रमांक घाला. बॉलपेन नको, त्याचा दाब आत फिल्मपर्यंत जातो. शाईचं पेनही नको. प्लास्टिकच्या माउंटवर, म्हणजे चौकटीवर, पेन्सिल उमटत नाही. तिथे लवकर वाळणारा बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर चालतो, पण फक्त कडेवर.

मग जमिनीवर पांढरा कागद पसरून ३६ स्लाइड सहा बाय सहाच्या ओळींत मांडा आणि मोबाइलने सरळ वरून फोटो काढा. खिडकीचा उजेड पुरतो, फ्लॅश नको. तो प्लास्टिकवर चमकतो आणि नेमकं अक्षर तिथेच जातं. आता त्याच क्रमाने सगळ्या स्लाइड उलटा आणि दुसऱ्या बाजूचाही फोटो घ्या. पेटीच्या झाकणावर काही लिहिलं असेल तर त्याचाही घ्या. एका पेटीला दहा मिनिटं लागतात. सगळ्या कामात ही दहा मिनिटं सर्वांत मोलाची आहेत असं माझं ठाम मत आहे. चित्र नंतर कधीही पुन्हा स्कॅन करता येतं. पुसट झालेली पेन्सिल मात्र दरवर्षी थोडी आणखी पुसट होते.

शक्य असेल तर आणखी एक काम याच टप्प्यावर उरका. ज्यांना त्या फोटोंमधलं काही आठवतं, त्यांच्याजवळ बसा. जुना टॅबलेट पूर्ण पांढरा आणि पूर्ण उजळ करून त्यावर स्लाइड ठेवली की बघण्यापुरतं लाइट टेबल तयार होतं. सोबत भिंग ठेवा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत राहा. प्रत्येक स्लाइड बघण्याआधी तिचा क्रमांक मोठ्याने म्हणा. आई बाबांबरोबर फारशी फिरली नव्हती, तरी 'हा तो मुलगा, पुढे कृषी खात्यात गेला' असं तिने चाळीसेक चेहऱ्यांबद्दल सांगितलं. ते कुठल्याही चौकटीवर लिहिलेलं नव्हतं.

धूळ आणि बुरशी

आपल्याकडे स्लाइडचा खरा शत्रू दमट हवा आहे. फिल्मवरचा रंगाचा थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन हे बुरशीचं अन्न आहे. उजेडासमोर स्लाइड तिरकी धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा पानाच्या शिरांसारखी नक्षी दिसते, ती बुरशी. अशा स्लाइड लगेच वेगळ्या काढा, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि त्यांच्यावर काम करताना तोंडाला मास्क लावा.

साध्या धुळीसाठी रबरी फुग्याचा ब्लोअर घ्या, कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो. दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा दाबा, मग अगदी मऊ ब्रश हलकेच फिरवा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा बारीक शिंतोडा पुसायला धुळीपेक्षा अवघड जातो. स्लाइड नेहमी चौकटीला धरा. सुती हातमोजे घातले तर उत्तमच.

बुरशीवर पाणी अजिबात लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळणारं होतं, म्हणजे ओल्या कापडाने पुसायला जाल तर धाग्यांबरोबर चित्रही निघून येईल. ९९ टक्के शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. औषधाच्या दुकानातलं, पाणी मिसळलेलं चालत नाही. धागे न सुटणारा स्वॅब त्यात बुडवा, जवळजवळ कोरडा होईल इतका दाबा आणि एकाच दिशेने एकदा फिरवा. घासायचं नाही. आधी एखाद्या वाया गेलेल्या स्लाइडवर हात बसवा. प्रत्येक पेटीत एक तरी पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी स्लाइड सापडतेच. फिल्मची चकचकीत बाजू हे सगळं सहन करते. मंद, किंचित खरबरीत दिसणाऱ्या बाजूला रंगाचा थर असतो, तिथे दहादा विचार करा. बुरशीने थर खाऊन खड्डेच पाडले असतील तर पुसून काहीच परत येत नाही. तशी स्लाइड आहे तशी स्कॅन करा आणि पुढचं काम संगणकावर करा.

काही जुन्या स्लाइड दोन काचांमध्ये बसवलेल्या असतात. त्यांच्या स्कॅनमध्ये तेलाच्या तवंगासारखी रंगीत वर्तुळं उमटतात. फिल्म आणि काच जिथे एकमेकींना जवळजवळ टेकतात, तिथल्या उजेडाचा हा खेळ असतो, न्यूटनची वलयं म्हणतात त्याला. शिवाय काचेचे चार जादा पृष्ठभाग येतात आणि प्रत्येकावर धूळ. चौकट सहज उघडत असेल तर फिल्म काढून साध्या प्लास्टिकच्या माउंटमध्ये घाला. फिल्म काचेला चिकटली असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा.

कोणता स्कॅनर

ऑफिसात असतो तो साधा स्कॅनर किंवा घरचा ऑल-इन-वन प्रिंटर इथे उपयोगी नाही. तो कागदावरून परतलेला उजेड टिपतो. स्लाइडमध्ये उजेड फिल्ममधून आरपार जावा लागतो, म्हणून झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर, लागतो. एप्सनचा परफेक्शन व्ही ६०० या कामासाठी अनेक घरांत वापरला गेलाय. त्याच्या होल्डरमध्ये चार स्लाइड मावतात. व्ही ८५० मध्ये बारा मावतात आणि गडद भागातले बारकावे तो जास्त चांगले काढतो, पण किंमतही तशीच आहे. दुसरा मार्ग म्हणजे फक्त फिल्मसाठीचा छोटा स्कॅनर, उदाहरणार्थ प्लसटेकचा ऑप्टिकफिल्म ८२०० आय. तो एका वेळी एकच स्लाइड घेतो आणि ती हाताने सरकवावी लागते, पण चित्र फ्लॅटबेडपेक्षा नक्कीच रेखीव येतं.

आमच्या १,११६ स्लाइडसाठी मी व्ही ६०० घेतला, वापरलेला. विकत घेण्याआधी होल्डर सोबत आहेत ना, ते जरूर तपासा. जुन्या स्कॅनरबरोबरचे होल्डर बहुतेक वेळा हरवलेले असतात आणि ते नसले की सगळंच अडतं. तुमच्याकडे चांगला कॅमेरा आणि अगदी जवळून फोटो काढणारी खरी मॅक्रो लेन्स असेल, तर उजेडाच्या पॅनेलवर स्लाइड ठेवून तिचा फोटो काढणं हा वेगाने होणारा उपाय आहे. मात्र त्यात धूळ पुसणारी इन्फ्रारेडची सोय नसते. आमच्या पेट्यांची अवस्था पाहता तीच मला हवी होती.

त्या सोयीबद्दल थोडं सांगायला हवं. एप्सनमध्ये तिचं नाव डिजिटल आइस. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेड किरणांना अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे अडवतात. स्कॅनर इन्फ्रारेडची एक जादा फेरी मारतो, डाग कुठे आहेत याचा नकाशा बनवतो आणि आजूबाजूच्या रंगाने ते बुजवतो. एक्टाक्रोम, फुजीक्रोम, आग्फाक्रोम या फिल्मवर हे छान चालतं. कृष्णधवल फिल्मवर मुळीच चालत नाही, कारण तिथे चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते. कोडाक्रोमवरही ते गडबडतं आणि गडद कडा, केस, गवताची पाती खाऊन टाकतं. कोडाक्रोम ओळखणं सोपं आहे. माउंटवर बहुधा नाव असतं, आणि मंद बाजू उजेडात तिरकी धरली तर चित्राला कोरल्यासारखा उठाव दिसतो. अशा पेटीला डिजिटल आइस बंद ठेवा आणि ब्लोअरवर दुप्पट मेहनत घ्या.

आकडे

३५ मिमीच्या स्लाइडमधलं चित्र २४ बाय ३६ मिमी असतं. २,४०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला २,४०० ठिपके टिपत, स्कॅन केलं तर साधारण ३,४०० बाय २,२७० पिक्सेल मिळतात, म्हणजे ए-४ आकाराच्या चांगल्या छपाईला जवळजवळ पुरेसे. ३,२०० ला साधारण ४,५०० बाय ३,०००. व्ही ६०० च्या खोक्यावर ६,४०० छापलेलं आहे, पण प्रत्यक्षात दिसणारा तपशील त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी असतो. त्या आकड्याला स्कॅन केलं की फाइल चौपट होते आणि पाकळीवरची एक शीरही जास्त दिसत नाही. मी सगळं ३,२०० ला केलं.

४८ बिट रंग (रंगांच्या जास्त बारीक छटा) आणि काहीही न गाळणारी टिफ फाइल निवडा. जेपेग प्रत नंतर कितीही काढता येते. टिफमधली सावलीतली माहिती जेपेगमध्ये कापली गेली की परत येत नाही, आणि स्लाइडमध्ये सावलीच सगळ्यांत अवघड असते. या आकड्यांना एक फाइल साधारण ८२ एमबीची होते, म्हणजे १,११६ स्लाइडना ९० जीबीच्या वर जागा लागते. एक छोटी हार्ड डिस्क पुरते.

एप्सन स्कॅन या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा मोड सोडून प्रोफेशनल मोड घ्या. फिल्मचा प्रकार 'पॉझिटिव्ह'. रेखीवपणा वाढवणारा अनशार्प मास्क बंद, ते काम शेवटी करायचं असतं. हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) उघडून काळ्या आणि पांढऱ्या टोकाच्या खुणा चित्राच्या टोकांपासून किंचित बाहेर ठेवा, म्हणजे ढगांमधला पांढरा सपाट होणार नाही. व्ह्यूस्कॅन किंवा सिल्व्हरफास्ट ही दुसरी सॉफ्टवेअर वापरत असाल तर नावं बदलतील, तत्त्व हेच. जुना स्कॅनर नव्या संगणकावर चालत नसेल तेव्हा व्ह्यूस्कॅन विशेष कामाला येतं.

प्रत्यक्ष स्कॅन

झाकणाच्या आतला पांढरा गादीसारखा पत्रा सरकवून काढा. तो काढला नाही तर दिवा झाकलेलाच राहतो, आणि पहिल्या दिवशी सगळे इथेच अडकतात. काच मायक्रोफायबर कापडाने पुसा. होल्डर त्याच्या खुणांप्रमाणेच बसवा, कारण काचेच्या एका टोकाची पट्टी स्कॅनर स्वतःचा उजेड मोजण्यासाठी मोकळी ठेवतो. होल्डर टाळून स्लाइड थेट काचेवर ठेवण्याचा मोह होईल, पण स्कॅनरचा फोकस काचेच्या किंचित वर, होल्डरच्या उंचीला धरलेला असतो.

व्ही ६०० मध्ये चकचकीत बाजू खाली, मंद बाजू वर. वरून पाहिलं की चित्रातल्या पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसायला हवीत, तर स्कॅन सुलटा येतो. कोडॅकच्या पुठ्ठ्यावर 'ही बाजू पडद्याकडे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, ती मंद बाजूला. फुलांच्या बाबतीत ही चूक ध्यानातच येत नाही. वेल कुठल्या हाताला वळते ही वनस्पतिशास्त्रात ओळखीची खूण आहे, आणि उलट्या स्कॅनमध्ये ती खूणच खोटी होते. म्हणून दर पेटीची सुरुवात अक्षरं असलेल्या स्लाइडने करा. एसटीची पाटी, दुकानाचा फलक, काहीही चालेल.

आता स्कॅनर सुरू करा. मग प्रीव्ह्यू. थंबनेलचा, म्हणजे स्लाइडची चौकट आपोआप आखण्याचा, पर्याय कडा कापतो, म्हणून तो बंद करून मी चौकट हाताने आखत असे, माउंटची काळी कड थोडी आत घेऊन. आइस चालू असताना चार स्लाइडना पंधरा-वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात पुढच्या चार स्लाइड साफ करून तयार ठेवायच्या. एका संध्याकाळी एक पेटी, त्याहून जास्त करू नका. थकल्यावर क्रमांक चुकतात, आणि क्रमांक चुकला की आधीची सगळी मेहनत वाया जाते.

पेटी झाली की पहिली, मधली आणि शेवटची फाइल शंभर टक्के मोठी करून बघा, क्रमांक माउंटच्या फोटोशी जुळवा आणि मगच स्लाइड परत पेटीत घाला.

रंगांना किती हात लावायचा

कोडाक्रोम अंधारात ठेवलेली असेल तर चाळीस-पन्नास वर्षांनंतरही रंग टिकवून असते. प्रोजेक्टरच्या दिव्याखाली मात्र ती लवकर फिकी पडते. जुन्या एक्टाक्रोमचं उलट. पेटीत नुसती पडून राहिली तरी तिच्यातला निळसर-हिरवा रंग उडतो आणि सगळं चित्र लालसर होत जातं. अशा वेळी एप्सन स्कॅनमधला 'कलर रिस्टोरेशन' किंवा व्ह्यूस्कॅनमधला 'रिस्टोअर कलर्स' पर्याय बऱ्याच अंशी काम करतो. त्यापुढचं काम गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स (रंगाची गडद-उजळ टोकं सरकवण्याची सोय) वापरून करता येतं. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे घ्या आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं चित्राच्या कडेला आणा. मूळ टिफला हात लावू नका, दुरुस्ती नेहमी प्रतीवर.

फुलांबाबत एक सावधगिरी. काही निळी फुलं स्लाइडवर गुलाबी दिसतात, आणि आपल्याला वाटतं की रंग उडालाय. तसं नसतं. ही फुलं आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा अतिलाल उजेडही परतवतात, आणि फिल्म तो टिपते. रोल धुऊन आला त्या दिवशीही ते फूल गुलाबीच होतं. ते ओळखायचं कसं? त्याच स्लाइडमधलं आकाश, माती, माणसांची त्वचा बघा. ती नीट असतील तर फुलाला हात लावू नका, नोंदीत खरा रंग लिहा.

तारीख फाइलच्या आत

स्कॅनरने बनवलेल्या फाइलला संगणक स्कॅनच्या दिवसाची तारीख लावतो. तशीच सोडली तर १९८३ चा तेरडा मोबाइलच्या गॅलरीत यंदाच्या गणपतीच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो. डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर वापरून फाइलच्या आतली 'फोटो काढल्याची तारीख' बदलता येते, स्थळ आणि वर्णनही तिथेच लिहिता येतं. एकदम शेकडो फाइलींसाठी एक्झिफटूल आहे, पण त्याला आज्ञा टाइप कराव्या लागतात.

तारीख भरताना कशाला किती मान द्यायचा, याचा मी एक क्रम ठरवला. सगळ्यांत वर हाताने लिहिलेली तारीख. मग सहलीची वही, पत्रं, आवाजातल्या आठवणी. सर्वांत शेवटी माउंटवर छापलेला महिना, आणि तोही 'याच्या आधी कधीतरी' एवढ्याच अर्थाने. नुसतं वर्ष माहीत असेल तर वर्णनात 'वर्ष नक्की, महिना अंदाजे' असं स्वच्छ लिहा. सॉफ्टवेअर महिना मागतं म्हणून घातलेला १ जानेवारी पुढे कुणीतरी खरा धरतो. माउंटवरचा मजकूर वर्णनात जसाच्या तसा उतरवा, बाबांची स्पेलिंगची चूकसुद्धा. तुमचं मत त्याखाली वेगळ्या ओळीत.

फाइलच्या नावात फार काही कोंबू नका. पेटीचे दोन आकडे, मधे आडवी रेघ, स्लाइडचे तीन आकडे, जसं ०७-०१९. संगणकावर इंग्रजी अंक घ्या आणि पुढची शून्यं ठेवा, म्हणजे क्रम बिघडत नाही. माउंटच्या फोटोंनाही तोच पेटी क्रमांक द्या आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

एवढं केलं की अशा स्लाइडना घराबाहेरही किंमत येते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. एखाद्या डोंगरावर ती कुठल्या वर्षी फुलली होती, हे अशा जुन्या, तारखेच्या फोटोंवरून ताडता येतं. आयनॅचरॅलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही वनस्पती-प्राण्यांच्या नोंदींची संकेतस्थळं जुन्या तारखेच्या नोंदीही घेतात. दुर्मीळ ऑर्किडचं नेमकं ठिकाण मात्र उघड करू नका, ती उपटून नेली जातात.

साठवण

टिफच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. तिसरी प्रत क्लाउडवर, निदान जेपेगची तरी. माझी दुसरी डिस्क पुण्यात भावाकडे आहे. दिवाळीला भेटलो की ती लावून चार फाइल उघडून बघतो.

स्कॅन झाल्या म्हणून स्लाइड टाकून देऊ नका. उद्याचा स्कॅनर त्यांच्यातून आजच्यापेक्षा जास्त काढेल. पीव्हीसीच्या वासाळ पाकिटांतून त्या बाहेर काढा, ते प्लास्टिक काळाने फिल्मला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं किंवा मूळ पेट्या चालतात. पेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, पावसाळ्यात तिथेच ओल येते. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते काढून कोरड्या कढईत मंद आचेवर परतायचे आणि गार झाले की परत डब्यात. आमच्याकडे हे काम मे महिन्याच्या शेवटी होतं, पापड-कुरडया उन्हातून आत आल्या की त्याच आठवड्यात.